पांढरी कार्डं

फोन वाजत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फिकट पिवळा फोन. त्याची वेटोळी वायर पार फ्रिजपर्यंत ताणून नरेंद्र बँकेशी, प्लंबरशी, लेकीच्या, दीपाच्या शाळेशी बोलत असत. सुहासिनी ओट्यापाशी उभी होती. नरेंद्र खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दोघंही फोनकडे पाहत होते आणि हात मात्र कुणाचाच पुढे होत नव्हता. मागच्या हिवाळ्यात नरेंद्रांना स्ट्रोक आला, त्यात त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. सुहासिनीचे दोन्ही हात धडधाकट होते. तिला फोनवरचं इंग्रजी येत नव्हतं, एवढंच.

फोन वाजून वाजून गप्प झाला.

"चालेल," नरेंद्र म्हणाले. हा एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता. भूक लागली तरी चालेल, पाय दुखला तरी चालेल, आणि दीपाची आठवण येऊन डोळे भरले तरी चालेल.

वाचकहो, हे घर न्यू जर्सीतल्या पार्सिपनीचं आणि ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीतली. पण असं घर तुमच्या पाहण्यात नसेल तर मला नवल वाटेल. आपल्याकडे लग्न झालं की एक वाटणी न बोलता होऊन जाते. घरातलं तिचं, बाहेरचं त्याचं. देशात ती एक वेळ खपून जाते, कारण दाराबाहेरही आपलीच भाषा असते. इथे येऊन आपण तीच वाटणी जशीच्या तशी मांडली, तेव्हा 'बाहेरचं' म्हणजे अख्खी अमेरिका झाली, आणि ती एकट्या माणसाच्या अंगावर पडली. तो माणूस उभा होता तोवर कुणाचं काही अडलं नाही.

आणि सुहासिनी काही अडाणी नव्हती. मराठी घेऊन एम.ए. झालेली, साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवलेली बाई. इथे आल्यावर दर रविवारी चर्चच्या तळघरात भरणाऱ्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत, इथे जन्मलेल्या पोरांच्या जिभेवर 'ळ' आणि 'ण' तिनेच बसवले. इंग्रजीचं म्हणाल, तर तिच्या वेळी ते गाइडावरून पाठ करायचं आणि पेपर देऊन आलं की विसरायचं, अशीच रीत होती. अक्षरं ती ओळखायची, एखादा शब्दही जुळवायची. पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असायची. इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आलेलं प्रत्येक पत्र ती "अहो" म्हणून पुढे करायची आणि नरेंद्र "चालेल, मी बघतो" म्हणून घ्यायचे.

नरेंद्रांच्या कंपनीचं इन्शुरन्स संपत आलं तेव्हा मैत्रीण विनीता धावून आली. गावातल्या एका नर्सिंग होमच्या ऑफिसात ती कामाला होती. म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं तिथे राहत. तिथल्या किचनमध्ये तिने सुहासिनीला लावून दिलं. पूर्ण वेळ काम केलं की इन्शुरन्स मिळे आणि त्याच्यावर नरेंद्रांची औषधं, थेरपी सगळं चाले. ही नोकरी गेली असती तर नरेंद्रांचे उपचार त्याच दिवशी थांबले असते. सुहासिनी रोज सकाळी हाच विचार घेऊन उठायची.

काम तसं सोपं होतं. सरकत्या पट्ट्यावरून जेवणाचे ट्रे यायचे. प्रत्येक ट्रेवर पेशंटच्या नावाचं नि खोलीच्या नंबरचं कार्ड असायचं, आणि त्यावर पथ्य लिहिलेलं असायचं. सुहासिनीने ते वाचून वाटी, ग्लास, बशी ठेवायची. वाचणं आलं तिथेच तिचं घोडं अडलं असतं, पण विनीताने पहिल्याच दिवशी युक्ती सांगितली. "अगं, कार्डाचा कलर बघ फक्त. पिंक म्हणजे डायबेटिक, ब्लू म्हणजे मीठ कमी, यलो म्हणजे गिळता येत नाही, सगळं दाट नि मऊ. व्हाइट म्हणजे काहीही चालतं. वाचायची गरजच नाही तुला."

खरंच गरज पडली नाही. सुहासिनीचा हात इतका बसला की किचनची मुख्य, बर्निस नावाची धिप्पाड काळी बाई, तिला कौतुकाने 'टीचर' म्हणू लागली. ही आपल्या देशात शिक्षिका होती हे विनीताने तिला सांगितलंच होतं. विनीताने एकदा असंही सुचवलं होतं की पब्लिक लायब्ररीत संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवतात, फुकट.

"मी एम.ए. आहे गं," सुहासिनी म्हणाली.

विनीतालाही ते पटलं. मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील, हे दोघींच्याही मनात आलं, पण दोघींनीही ते बोलून दाखवलं नाही.

आणि मग किचनमध्ये कॉम्प्युटर आला.

शुक्रवारी बर्निसने सगळ्यांना उभं करून काहीतरी भराभर समजावलं, एकेक कागद वाटला. सगळ्यांनी माना डोलावल्या, सुहासिनीनेही डोलावली. कागद घडी करून तिने एप्रनच्या खिशात ठेवला. विनीता असती तर संध्याकाळी वाचून दाखवला असता. पण ती भाच्याच्या मुंजीसाठी टेक्ससला, प्लेनोला गेली होती. सोमवारी पट्टा सुरू झाला आणि पहिला ट्रे समोर आला. कार्ड पांढरं होतं. दुसरं पांढरं. तिसरं पांढरं. यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी छापलेली फिकट, अर्धवट अक्षरं, आणि कार्डं एकजात पांढरी.

तेव्हा तिने हात वर करायला हवा होता. पट्टा थांबवायचं लाल बटण तिच्या कोपरापाशीच होतं. पण बटण दाबलं की बर्निस येणार, काय झालं विचारणार, आणि टीचरला काय सांगावं लागणार? कुणी विचारलं तर ही बाई उत्तर देण्याआधीच घाबरून जाई, अशी तिची गत. आकडे तिला वाचता येत होते. कुठल्या खोलीत कोण आणि कुणाला काय, हे तिला पाठ होतं. तिने खोल्यांच्या नंबरांवरून ट्रे भरायला सुरुवात केली. एकशे बारा, सगळं चालतं. सूप, ब्रेड, संत्र्याचा रस. ट्रे पुढे गेला.

एकशे बारामधली बाई शनिवारीच घरी गेली होती. तिच्या जागी वरच्या मजल्यावरून डोनेली नावाचे म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांना स्ट्रोक येऊन गेला होता, आणि नरेंद्रांसारखंच पातळ काही गिळताना ते श्वासनळीत जायचं.

थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये धावपळ ऐकू आली. मग अँब्युलन्सचा आवाज. किचनच्या दारातल्या गोल काचेतून सुहासिनीने स्ट्रेचर जाताना पाहिलं. चादरीबाहेर आलेला एक हात तेवढा दिसला, निळसर पडलेला.

त्या वेळी तिच्या मनाचं काय झालं असेल ते मला लिहिता येत नाही. ती सिंकपाशी गेली, नळ सोडला आणि उगाच स्वच्छ ताटल्या पुन्हा धुवत राहिली. दुपारी कळलं की डोनेली जिवंत आहेत, हॉस्पिटलात आहेत, नळीने श्वास चालू आहे. आणि कुणी तिच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही! खोली बदलताना कॉम्प्युटरने घोळ घातला असणार असं सगळ्यांनी मनाशी धरलं. बर्निसने त्या यंत्राच्या नावाने इतकी आदळआपट केली की मॅनेजर तिला शांत करायला आला. सुहासिनी सुटली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

ती घरी चालत आली. मंडळातल्या थोरल्या मालिनीताई सोमवारी संध्याकाळी नरेंद्रांना बघून जात, त्या आलेल्या होत्या. या नागपूरच्या. जन्मभर ऑपरेशनच्या टेबलाशी पेशंटला भूल देण्याचं काम केलेलं, त्यामुळे बोलण्यात भूल द्यायची सवय अजिबात नाही. पाठोपाठ विनीताही आली, एअरपोर्टवरून थेट, मुंजीचे लाडू घेऊन. सुहासिनीने चहा टाकला, नरेंद्रांसाठी ग्लासात पाणी घेतलं, डब्यातली पावडर दोन चमचे घालून ढवळलं. ही पावडर घातली की पाणी दाट होतं आणि गिळायला सोपं जातं. नरेंद्रांनी घोट घेतला आणि ते खोकू लागले. खोकता खोकता चेहरा लाल झाला.

"हे केव्हापासून?" मालिनीताईंनी त्यांची पाठ थोपटत विचारलं.

"पंधरा-वीस दिवस झाले असतील. अशक्तपणा आहे ना."

मालिनीताईंनी ग्लास उजेडात धरला, तिरका केला. मग ओट्यावरचा डबा उचलून चष्मा वर केला. "किती घालून राहिली तू यात?"

"दोन चमचे. विनीताने सांगितलंय तेवढंच."

"तो डबा वेगळा होता. हा दुसऱ्या कंपनीचा आहे. यावर चार लिहिलंय. सुहासिनी, चार!"

सुहासिनीने डब्याकडे पाहिलं. तोच निळा रंग, तसंच झाकण. दुकानदाराने दिला तो तिने आणला. रंग तोच होता, म्हणून तिने पुढे पाहिलंच नव्हतं. पाणी जरासं पातळ होतंय असं तिला वाटलं होतं, पण चमचे मोजून घातले की झालं, असं तिने मनाला समजावलं होतं. म्हणजे इतके दिवस आपण आपल्याच हाताने यांच्या श्वासनळीत पाणी ओतत होतो. नरेंद्र खोकल्यातून सावरत तिच्याकडे बघून म्हणाले, "चालेल."

ते ऐकलं आणि ती खाली फरशीवर बसली. सकाळचं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. पांढरी कार्डं, एकशे बारा नंबर, तो निळसर हात, सगळं.

विनीता रडवेली झाली, पण तिच्या हुशार डोक्याने लगेच उपाय काढला. "घाबरू नकोस, यार. कुणाला कळलेलं नाहीये ना? मी रोज सकाळी ऑफिसमधून कार्डं चेक करीन, हायलायटरने कोपऱ्यात कलर मारून देईन. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"आणि तू पुन्हा प्लेनोला गेलीस की?" मालिनीताईंनी विचारलं.

विनीता लाडवांच्या डब्याचं झाकण उगाच घट्ट करू लागली.

"विनीता, तू मनाने फार चांगली आहेस. नरेंद्रही चांगलाच होता. दोघांनी मिळून हिला अपंग करून ठेवलं. हिचं पत्र तुम्ही वाचता, फोन तुम्ही घेता, रंग तुम्ही लावून देता. अगं, जे एकदा शिकवायचं ते जन्मभर करून देणं याला मदत नाही म्हणत. पायाला प्लॅस्टर घातलं तर ते कधीतरी काढावं लागते, नाही तर चांगला पायही वाळून जाते."

"पण मालिनीताई, मी एम.ए. होऊन लायब्ररीतल्या त्या वर्गात..." सुहासिनी म्हणाली.

"त्या डोनेलीला जाऊन सांग तू एम.ए. आहेस म्हणून." मालिनीताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझा मुलगा तुझ्याकडे बाराखडी शिकला. 'ळ' काढताना रडायचा. त्याला तू काय सांगायचीस?"

सुहासिनीने मान खाली घातली. चुकलं तर खोडायचं आणि परत काढायचं, लाज कसली त्यात, असं ती सांगायची. दर रविवारी सांगायची.

"लाज वाटणार," मालिनीताई म्हणाल्या. "वाटू दे. पण उद्या सकाळी पुन्हा पांढरी कार्डं येतील. आज तो माणूस वाचला. उद्याच्याचं काय?"

खरं बोलावं तर नोकरी जाणार आणि नरेंद्रांचे उपचार थांबणार. खोटं रेटावं तर उद्या कुणाचा तरी जीव जाणार. दोन्हीकडून कोंडी. पण एक गोष्ट सुहासिनीला त्या फरशीवर बसल्या बसल्या लख्ख कळली. दुसऱ्याच्या घरातला नरेंद्र मारून आपल्या घरातला नरेंद्र जगवायचा, हे तिला जमणार नव्हतं.

सकाळी ती पट्टा सुरू व्हायच्या आधी बर्निसपुढे जाऊन उभी राहिली. वाक्य तिने वाटभर घोकलं होतं.

"आय कॅन नॉट रीड कार्ड. मिस्टर डोनेली, माय मिस्टेक. नॉट कॉम्प्युटर."

बर्निस तिच्याकडे बघत राहिली. तिने मिठी मारली नाही की पाठ थोपटली नाही. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करत ती बोलली, म्हणून सुहासिनीला सगळं समजलं. शुक्रवारी मान का डोलावलीस, असं तिने विचारलं. बटण का दाबलं नाहीस, असंही विचारलं. वाचता येत नाही हा गुन्हा नाही, पण येत नसताना येतंय असं दाखवणं हा इथे गुन्हा आहे, असं म्हणाली आणि मॅनेजरकडे निघून गेली.

पुढचे दोन दिवस सुहासिनी घरी होती. नोकरीचं काय ते कळवू, एवढंच तिला सांगितलं होतं. त्या दोन दिवसांत तिने नरेंद्रांच्या गोळ्यांची बाटली कितीदा हलवून पाहिली असेल, अजून किती पुरतील म्हणून. दीपाचा कॉलेजातून फोन आला, तेव्हा विनीता घरात होती. तिने रिसीव्हर उचलून सुहासिनीच्या हातात दिला. दीपाने सगळं ऐकून घेतलं. "आई, व्हाय डिडन्ट यू टेल मी? आय वुड हॅव टॉट यू," ती म्हणाली, आणि मग मोडक्या मराठीत, "मी पण ळ शिकली ना तुझ्याकडून?"

तिसऱ्या दिवशी निरोप आला. ट्रेच्या पट्ट्यापाशी फिरकायचं नाही, भांडी धुवायची. जागा राहील, इन्शुरन्स राहील, पण हिवाळा संपेपर्यंत कार्डं वाचून दाखवता आली पाहिजेत. नाही तर दुसरं काम बघायचं. डोनेली परतले होते, आवाज बसला होता, पण परतले होते. सुहासिनी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन हात जोडून उभी राहिली. त्यांना ती कोण ते कळलं नाही. त्यांनी मान हलवून तिला आत बोलावलं, पण तिला आत जाववलं नाही.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी विनीताने तिला लायब्ररीपाशी सोडलं. तळघराच्या जिन्यावर सुहासिनी थबकली. पदर सावरला, परत वर वळली, पुन्हा खाली उतरली. आत काय असेल याची तिने नाना चित्रं रंगवली होती. प्रत्यक्षात एक लांब टेबल होतं. त्याच्याभोवती एक इटालियन आजी, कंबोडियातून आलेला एक तरुण शिंपी आणि एक ट्रक ड्रायव्हर बसले होते. हा ड्रायव्हर याच गावात जन्मलेला, गोरा, शाळेत बारा वर्षं काढलेला, आणि आजवर माल पोचवायचे पत्ते तो पेट्रोल पंपावर दुसऱ्याकडून वाचून घेत होता. सुहासिनी त्याच्याकडे बघतच राहिली. लाज लपवणारी ती एकटीच नव्हती तर!

शिकवणाऱ्या बाई पाठ्यपुस्तकं काढत नसत. प्रत्येकाने आपल्या कामातलं जे अडतं ते घेऊन यायचं, त्यावरच शिकायचं. ड्रायव्हर नकाशा आणि पत्ते आणी, शिंपी मापाच्या चिठ्ठ्या. सुहासिनीने बर्निसकडून रद्दी झालेली पांढरी कार्डं मागून घेतली. तो हिवाळा फार वाईट गेला, हे मी लपवणार नाही. भांडी घासून हात फुटायचे, नरेंद्रांना दोनदा ताप आला, वर्गात तीच तीच चूक व्हायची आणि बसस्टॉपवर बर्फात उभं राहून ती रडायची. एका आठवड्याला एक शब्द पक्का झाला तरी खूप, असे दिवस आले. विनीतापुढे पत्र धरलं तर विनीता हात मागे बांधून घ्यायची. "वाच तू. मी इथेच बसलेय." कधी कधी सुहासिनीला तिचा राग यायचा.

मार्चमधल्या एका संध्याकाळी ती नरेंद्रांचं पाणी करत होती. दुकानात पुन्हा वेगळाच डबा मिळाला होता. तिने तो खिडकीपाशी नेला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. मध्येच अडली, मागे गेली, परत वाचलं. तीन चमचे. ढवळा. एक मिनिट थांबा. नरेंद्र तहानलेले होते, तरी शांत बसून होते. ती थांबली तेवढा वेळ तेही थांबले. मग त्यांनी घोट घेतला. खोकला आला नाही.

"चालेल," नरेंद्र म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. नरेंद्रांनी फोनकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. सुहासिनीने हात पुसले आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो. स्लोली, प्लीज."

पलीकडे बर्निस होती. उद्या पट्ट्यावर एक माणूस कमी आहे, ती म्हणाली. सकाळी आधी माझ्यासमोर सगळी कार्डं वाचायचीस, एकही चुकलं तर पुन्हा भांडी. येतेस?

"आय कम," सुहासिनी म्हणाली. आणि बर्निसने फोन ठेवण्याआधी घाईने पुढे म्हणाली, "इफ आय डोन्ट नो, आय प्रेस बटण."

"दॅट्स ऑल आय वाँट, टीचर," बर्निस म्हणाली.

वाचकहो, पुढे मंडळाच्या मराठी शाळेत पोरांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लागलं. तिथे त्यांच्या आया नि आज्या आपापल्या घरची औषधांची बाटली, बँकेचा कागद, ड्रायव्हिंगचं पुस्तक घेऊन बसू लागल्या. सुहासिनी त्यांना एवढंच सांगते: "'मला येत नाही' हे म्हणायला मला इथे येऊन सतरा वर्षं लागली, तुम्ही आजच म्हणा." आणि आपल्यापैकी ज्यांना येतं त्यांना माझं सांगणं आहे, की आपल्या माणसाचं पत्र वाचून देऊ नका, त्याच्याशेजारी बसा आणि त्याला वाचू द्या. वेळ लागेल. पाणी थोडं उशिरा मिळेल, पण ते श्वासनळीत जाणार नाही.